संस्थांसाठी निधी उभारणं, प्रस्ताव लिहिणं : करिअर म्हणून कसं आहे?

कोरांटी
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत कंटेंट रायटर आहे, शिक्षण एम.ए. इंग्रजी. शनिवार-रविवार एका छोट्या संस्थेत मुलींच्या अभ्यासवर्गाला शिकवायला जाते. तिथल्या ताईंनी एका कंपनीला द्यायचा प्रस्ताव माझ्याकडून लिहून घेतला आणि तो मंजूर झाला. तेव्हापासून हेच काम पूर्णवेळ करावं असं मनात घोळतंय.

पण नेमकं काय करावं लागतं, त्यासाठी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) लागतं का, पगार कितपत मिळतो, हे धड सांगणारं कोणी ओळखीत नाही. एकीने सुचवलं की नोकरी करू नकोस, घरी बसून चार-पाच संस्थांचे प्रस्ताव लिही आणि मंजूर रकमेच्या अमुक टक्के घे. हे बरोबर आहे का? आणि आता एआय प्रस्ताव लिहून देतो म्हणतात, मग या कामाला भवितव्य आहे का? या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

रानजाई
चांगला विषय. माझा भाचा पण विचारत होता. वाचतेय.

माणदेशी
कोरांटी, मी याच कामात आहे. आधी सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेत होते, आता मुंबईत. अनेकांना वाटतं की भाषा चांगली असली की झालं. भाषेचा उपयोग होतोच, पण पैसे मिळतात ते संस्थेला आपला प्रश्न नेमका कळला आहे हे समोरच्याला दिसलं तर.

एक उदाहरण सविस्तर सांगते. एका आदिवासी तालुक्यातल्या मुलींच्या शिक्षणाचा प्रस्ताव होता. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, 'या भागात शिक्षणाविषयी जागृतीचा अभाव असल्याने मुलींच्या गळतीचे प्रमाण मोठे आहे.' हे वाक्य कुठल्याही तालुक्याला चिकटवता येईल. आमची तिथली कार्यकर्ती म्हणाली, 'जागृती भरपूर आहे ताई, गाडी नाही.' आठवीपासूनची शाळा नऊ किलोमीटरवर. शाळा भरते साडेदहाला, एसटी फाट्यावर येते अकराला. मग पाड्यापाड्यावर जाऊन याद्या केल्या : सातवी झालेल्या मुली किती, आठवीला नाव घातलेल्या किती, दिवाळीनंतर यायच्या थांबल्या त्या किती आणि कुठल्या पाड्यावरच्या. शाळेजवळच्या पाड्यांवरच्या मुली टिकल्या होत्या, लांबच्या गळाल्या होत्या. प्रस्ताव नव्याने लिहिला. जागृती मेळावे, पथनाट्य, बॅनर सगळं गेलं. त्या जागी जीपचं भाडं आणि मुलींसोबत जाणाऱ्या बाईचं मानधन आलं.

ज्या कंपनीकडे प्रस्ताव दिला तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला : मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, एसटीच्या बसही आहेत, मग आमचे पैसे कशाला? अगदी रास्त प्रश्न. पाड्यांची यादी हाताशी होती म्हणून उत्तर देता आलं. बस मोठ्या रस्त्याने जाते, हे पाडे घाटाच्या वर आहेत, त्या वाटेवर सायकल चालत नाही. शिवाय बसचा मार्ग वाढवून घेण्यासाठी आगाराकडे पाठपुरावा करू आणि तो वाढला की आपली जीप बंद करू, हेही प्रस्तावात होतं. त्या एका ओळीने त्यांचा विश्वास बसला असं मला आजही वाटतं.

हे माझ्या टेबलावर बसून सुचलं नसतं. म्हणून नव्या मुलामुलींना माझं सांगणं असतं की पहिले काही महिने फील्डवर काढा, आणि तितकाच वेळ अकाउंटंटच्या शेजारी बसा.

लिहिण्यापलीकडचं काम पुष्कळ आहे. कोण कशासाठी पैसे देतं ते शोधायचं, आधी दोन पानी टिपण पाठवायचं, त्यांना रस वाटला तर पूर्ण प्रस्ताव, मग कागदपत्रांची छाननी, त्यांची भेट, करार, पहिला हप्ता. त्यानंतर तिमाही अहवाल, खर्चाचा तपशील, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्चले याचा दाखला), तेव्हा दुसरा हप्ता. माझा निम्म्याहून जास्त वेळ आधी मिळालेल्या पैशांचा हिशेब आणि अहवाल देण्यात जातो, आणि तो वाया जातो असं मला अजिबात वाटत नाही. ज्या संस्थेचा अहवाल वेळेवर आणि खरा असतो तिला दुसऱ्या वर्षी मागावं लागत नाही, विचारणा होते.

एमएसडब्ल्यूबद्दल : असेल तर फील्ड समजायला मदत होते. मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), निर्मला निकेतन आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. पण या कामासाठी ते सक्तीचं नाही. माझ्या ओळखीत बँकेतून आलेले आहेत, पत्रकारितेतून आलेले आहेत. पत्रकारितेतले लवकर तयार होतात, कारण त्यांना विचारत फिरायची सवय असते.

हिशेबनीस
मी सीए आहे, बऱ्याच धर्मादाय संस्थांचं ऑडिट करतो. माणदेशी यांनी अकाउंटंटच्या शेजारी बसायला सांगितलं ते लाखमोलाचं आहे. थोडी भर घालतो.

संस्थेत रुजू होण्याआधी तिची कागदपत्रं पाहून घ्या. आपल्याकडे संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असली तरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद असते आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात. विश्वस्त बदलले तर चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं प्रलंबित ठेवणाऱ्या संस्था मी पाहतो, आणि ऐन छाननीच्या वेळी कागदावरचे विश्वस्त आणि प्रत्यक्षातले विश्वस्त वेगळे निघतात. मग कितीही सुरेख प्रस्ताव असो, फाइल तिथेच थांबते.

त्याशिवाय आयकराची १२एबी (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण आमच्या बोलण्यात अजून जुनेच क्रमांक आहेत म्हणून तेच लिहितो.) २०२१ पासून या नोंदण्या कायमच्या राहिल्या नाहीत, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. कंपनीकडून सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून केलेली नोंदणी हवी. नीती आयोगाच्या दर्पण या संस्थांच्या नोंदणीच्या पोर्टलवरचा क्रमांकही बहुतेक ठिकाणी मागतात.

सीएसआर म्हणजे काय ते थोडक्यात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी रेषा गाठलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कशावर करायची ते त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे. प्रस्ताव लिहिताना आपलं काम त्यातल्या कुठल्या बाबीत बसतं ते नमूद करा, समोरच्याचं काम सोपं होतं.

एक गैरसमज मात्र दूर व्हायलाच हवा. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवा' असं कंपन्यांचे लोक संस्थांना सर्रास सांगतात. नियमातली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे, राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. कंपनी स्वतःचं धोरण म्हणून संस्थेला मर्यादा घालू शकते, पण 'कायदाच आहे' म्हणाले तर नम्रपणे नियम दाखवा. अकाउंटंटचा पगार, ऑडिट फी, ऑफिसचं भाडं, इंटरनेट हे सगळं कामाचाच भाग आहे. अकाउंटंट चार प्रकल्पांचं काम पाहत असेल तर प्रत्येक प्रकल्पाला तो किती वेळ देतो याची नोंद ठेवा आणि पगार त्या प्रमाणात वाटून दाखवा. नोंद असली की कोणी हरकत घेत नाही.

कोरांटी
माणदेशी, हिशेबनीस, किती आभार मानू! ती एसटीची गोष्ट वाचून माझ्या प्रस्तावातली किती वाक्यं कुठेही चिकटवता येतील ते शोधायला बसले.

परदेशी निधीचं काय? आमच्या संस्थेच्या एका हितचिंतक बाई अमेरिकेत असतात, त्या पैसे पाठवायला तयार आहेत.

हिशेबनीस
कोरांटी, त्या बाईंचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्यांच्या स्वतःच्या कमाईचे असतील तर ते परदेशी अंशदान धरत नाहीत. पासपोर्टची प्रत आणि बँकेचा तपशील मात्र जपून ठेवा. त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरए (परदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरीही.

नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च झालेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. इथे मात्र मर्यादा कायद्यातलीच आहे.

न्यूजर्सीकर
मी इथे अमेरिकेत एका आरोग्य क्षेत्रातल्या संस्थेसाठी ग्रँट रायटर म्हणून, म्हणजे अनुदानाचे प्रस्ताव लिहिण्याचं, काम करते. टक्केवारीच्या प्रश्नावर मला ठामपणे लिहायचंय : घेऊ नका.

इकडे असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स ही या व्यवसायातली मोठी संघटना आहे. मिळवलेल्या निधीच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायचा नाही, हे तिच्या आचारसंहितेत आहे. देणगीदार पैसे देतो ते मंजूर केलेल्या अंदाजपत्रकासाठी. त्यात 'प्रस्ताव लिहिणारीचं कमिशन' अशी ओळ नसते. मग ते कमिशन कुठून द्यायचं? एक तर मुलींच्या पुस्तकांतून, नाही तर खोटं बिल लावून. शिवाय टक्केवारीवर काम करणारा माणूस मोठ्या रकमेच्या मागे धावतो, मग ते काम संस्थेला झेपणारं असो वा नसो. फ्रीलान्स करायचं तर तासावर घ्या किंवा एका प्रस्तावाचे ठरावीक पैसे घ्या, मंजूर होवो न होवो.

इथे एक सोय आहे जी भारतात असती तर फार बरं झालं असतं. खासगी फाउंडेशनना दरवर्षी आयकर खात्याकडे ९९०-पीएफ नावाचं विवरण भरावं लागतं आणि ते जाहीर असतं. कुठल्या फाउंडेशनने कुणाला किती दिले ते कुणालाही पाहता येतं, त्यामुळे उगाच पन्नास दारं ठोठवावी लागत नाहीत.

पण हे क्षेत्र सुरक्षित आहे असं समजून येऊ नका. २०२५ च्या जानेवारीत परदेशी मदत थांबवण्याचा आदेश निघाला आणि जुलैपर्यंत यूएसएड ही परदेशी मदत देणारी अमेरिकी सरकारची संस्थाच गुंडाळली गेली. इथल्या अनेक संस्थांची मंजूर झालेली सरकारी अनुदानंही रद्द झाली. करार सही झालेले, माणसं नेमलेली, आणि पैसे थांबले. माझ्या जवळच्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. एकाच दात्यावर संस्था उभी असेल तर निधी उभारणाऱ्याने ते विश्वस्तांना वेळीच सांगायला हवं, त्यांना आवडो न आवडो.

गोदाकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माहिती चांगली आहे, पण मला वेगळं म्हणायचंय. आम्ही परभणी जिल्ह्यात काम करतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. ही सगळी चर्चा मुंबई-पुण्याच्या संस्थांची वाटते.

कलम १३५ मध्येच लिहिलंय की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. ज्यांच्या आसपास कारखानेच नाहीत त्यांनी काय करायचं? केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, जिल्हे जाहीर केले, महाराष्ट्रातले चार : नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव. त्या यादीतही परभणी नाही. कंपनीच्या पोर्टलवरचा अर्ज इंग्रजीत, शब्दमर्यादा इंग्रजीत, 'थिअरी ऑफ चेंज' (कामातून बदल कसा घडेल त्याची मांडणी) लिहा म्हणतात. आमच्या कार्यकर्त्याला कुठलं पोर मागच्या वर्षी कुठल्या कारखान्यावर होतं ते तोंडपाठ आहे. पण अर्जात त्याला जागाच नाही.

आमची संस्था चालते ती सुगीत मिळणाऱ्या ज्वारीवर, शिक्षक मंडळी दरमहा देतात त्यावर, आणि वर्तमानपत्र वाचून चेक पाठवणाऱ्या लोकांवर. लोकसत्ता दर गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' मध्ये संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक हजार-पाचशेपासून देतात, तसल्या माणसांवर. महाराष्ट्राची खरी परंपरा हीच आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला. धोंडो केशव कर्व्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून आणे-रुपये गोळा केले. ठाकरसींचे १५ लाख त्यांच्या महिला विद्यापीठाला मिळाले ते १९२० मध्ये, काम सुरू होऊन वीसेक वर्षं उलटल्यावर.

माणदेशी
गोदाकाठ, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते मला नाकारायचं नाही. फक्त एक. कर्वे दारोदार फिरले तेव्हा हिशेबही चोख ठेवत, वर्गणीदारांना अहवाल देत. आज आम्ही जे करतो तेच ते. हजार रुपये देणाऱ्या माणसालाही वर्षाखेरीस एक पानाचं पत्र गेलं पाहिजे : तुमच्या पैशातून अमुक मुलं हंगामभर शाळेत राहिली. हे पत्र मराठीतच लिहायचं आहे आणि ते तुमचा कार्यकर्ता माझ्यापेक्षा चांगलं लिहील.

पूर्णवेळ माणूस परवडत नसेल तर तुमच्या पट्ट्यातल्या तीन-चार संस्थांनी मिळून एक नेमावा. पगार वाटून घ्यायचा. तो माणूस जिल्ह्यातच राहील, प्रत्येक संस्थेच्या कामात बसेल, इंग्रजी अर्ज भरेल. अट एकच, एकाच दात्याकडे चौघींचे अर्ज एकदम गेले तर कुणाचा आधी, हे सुरुवातीलाच ठरवून ठेवा. यावरून मनं दुखावतात.

गोदाकाठ
हे करण्यासारखं आहे. शेजारच्या दोन संस्थांशी बोलतो. कोरांटी, मराठवाड्यात यायची तयारी असेल तर सांगा, राहायची सोय आम्ही करू. :)

पलीकडची_खुर्ची
मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे, म्हणजे तुमचे प्रस्ताव वाचणारा. गोदाकाठ यांचा आक्षेप पोहोचला. आमच्याकडे मराठीत टिपण चालतं का असं कुणी फोन करून विचारलं तर मी तरी हो म्हणतो. विचारून पाहावं.

एआयबद्दल माझा अनुभव : हल्ली येणारे प्रस्ताव भाषेने एकसारखे झालेत. सगळेच 'सर्वसमावेशक', सगळेच 'शाश्वत'. त्यामुळे मी आता आधी अंदाजपत्रक उघडतो. कामांच्या तक्त्यात बारा प्रशिक्षणं आहेत आणि अंदाजपत्रकात आठांचाच खर्च आहे, असं दिसलं की कळतं, दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी केलंय आणि एकमेकांशी बोललेले नाहीत. प्रवासखर्च गोल आकड्यात असेल तर मी विचारतो की गाडी कुठून कुठे जाणार. त्यानंतर प्रस्तावात ज्या गावाचं नाव आहे तिथल्या कार्यकर्त्याशी फोन जोडून द्यायला सांगतो. पाच मिनिटांत अंदाज येतो. एआयने भाषा नीट करून घेतली तर माझी काही तक्रार नाही, पण त्या फोनवर काय बोलायचं ते त्याला ठाऊक नसतं.

फेब्रुवारीत घाईघाईने 'मार्चच्या आत खर्च करा' म्हणून जो पैसा येतो तो घेताना विचार करा. बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर करून घेतला तर न वापरलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. ही तरतूद आहे, ती आमच्याकडे मागा.

टिपणवही
मी या क्षेत्राच्या दुसऱ्या टोकाला होते, सर्वसामान्य लोकांकडून ऑनलाइन देणग्या मिळवण्याच्या कामात. संस्थेचं नाव घेत नाही. तिथे रोजचं टार्गेट असायचं आणि कुठल्या फोटोवर जास्त क्लिक येतात यावर फोटो ठरायचा. रडणाऱ्या मुलाचा फोटो चालतो, म्हणून तोच. मुलाच्या आईला विचारलं होतं का, या प्रश्नाला उत्तर मिळायचं, 'फॉर्मवर सही आहे.' सही होती, पण तिला हे माहीत नव्हतं की तो फोटो तिच्या गावातल्या लोकांच्या मोबाइलवर फिरणार आहे.

मी ते काम सोडलं, पण क्षेत्र सोडलं नाही. आता जिथे आहे तिथे नियम केलाय : ज्याचा फोटो आणि गोष्ट वापरायची त्याला तयार झालेलं पान दाखवायचं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं, आणि नको म्हणाला तर काढायचं. देणग्या थोड्या हळू वाढतात. चालतं.

कोरांटी, मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही प्रश्न विचारा. एखाद्या दात्याची अट कामाला मारक असेल तर नाही म्हणायचा अधिकार मला असेल का, हा नक्की विचारा. मला तरी उत्तरावरूनच संस्था कळते.

रानजाई
टिपणवही, हे वाचून अंगावर आलं. आणि पगाराचं कुणी बोललंच नाही!

माणदेशी
खरंच की. मी पाहिलेल्या संस्थांपुरतं सांगते, याला सरसकट आकडा समजू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान संस्थेत नव्या माणसाला महिना २०–३० हजार. पुण्या-मुंबईत मध्यम संस्थेत, थोडा अनुभव असेल तर ४०–६० हजार. मोठ्या संस्थेत विभाग सांभाळणाऱ्याला लाखाच्या वर. सॉफ्टवेअरमधून येताना पगार कमी होणार हे धरूनच चला, घरी आधी बोलून घ्या, कर्जाचे हप्ते असतील तर त्यांचा विचार करा. त्यागाच्या भावनेने आलेले लोक दोन वर्षांत थकलेले मी पाहिलेत. चांगला पगार मागायला लाजू नका आणि ज्या प्रस्तावात कार्यकर्त्यांचे पगार तुटपुंजे ठेवलेत तो पुढे पाठवू नका. हातात लेखणी आपल्या असते, तिथे आपण बोललो नाही तर कार्यकर्त्याच्या वतीने कोण बोलणार?

कोरांटी
सगळ्यांचे मनापासून आभार. टक्केवारीचा विचार सोडला. नोकरी लगेच सोडत नाही, आधी ज्या संस्थेत जाते तिथेच निधीची जबाबदारी मागून घेते आणि दिवाळीनंतर सुट्टी काढून त्यांच्या वस्त्यांवर राहते. गोदाकाठ, तुमचं वसतिगृह बघायला नक्की येणार.

हिशेबनीस, शेवटचा त्रास. ताईंनी तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट दिलेत. त्यात मी काय बघू?

हिशेबनीस
त्रास कसला. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक, ही दोन पानं काढा. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला विशिष्ट कामासाठी मिळालेले आणि अजून न खर्चलेले निधी दिसतील. ती बेरीज करा आणि उजव्या बाजूच्या बँक शिल्लक व मुदत ठेवींशी ताडून पाहा. बँकेत त्याहून कमी पैसे असतील तर एका प्रकल्पाचा पैसा दुसरीकडे वापरला गेला असू शकतो, तसं आहे का ते ताईंना शांतपणे विचारा. नंतर परिशिष्ट ९ मध्ये एकूण देणग्यांपैकी सर्वांत मोठ्या दात्याचा वाटा किती ते काढा. न्यूजर्सीकर म्हणतात तो धोका तिथे दिसेल. आणि ऑडिटरचे शेरे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात, ते आधी वाचा. काही अडलं तर संस्थेचं नाव झाकून इथेच विचारा.